पाच दिवसांचा खाडा : पंचवटीतल्या एका वस्तीची फ्लूच्या साथीसाठीची तयारी

हे प्रकरण नाशिकमध्ये पेठ रोडच्या बाजूला असलेल्या एका वस्तीतलं आहे. कोविड ओसरल्यानंतरच्या एका वर्षात, मे ते ऑक्टोबर या काळात ते घडलं. मी तिथल्या शहरी आरोग्य केंद्रात सार्वजनिक आरोग्य परिचारिका होते. वस्तीचं नाव, माणसांच्या ओळखी आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. ज्या गरोदर बाईचा उल्लेख पुढे येतो, तिला आणि तिच्या नवऱ्याला विचारूनच हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

वस्तीत साधारण चारशे घरं. बहुतेक कुटुंबं पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडून आलेली. पत्र्याचं छप्पर, एकच खोली, पुढे हातभर ओटा. बायका पहाटे सहाला नाक्यावर उभ्या राहतात आणि मुकादमाच्या पिकअपमधून दिंडोरीकडे जातात. हिवाळ्यात द्राक्षबागेत, पावसाळ्यात टोमॅटो तोडणीला किंवा निंदणीला. पुरुष बांधकामावर नाहीतर बाजार समितीत हमालीला. जुलैमध्ये अर्धी वस्ती रिकामी होते, कारण गावाकडे भाताची आवणी असते. पंधरा-वीस दिवसांनी माणसं परततात, ती बहुधा एखाददुसऱ्या नव्या नातेवाइकाला घेऊनच.

मे महिन्यात आमच्याकडे फ्लूच्या महासाथीचा पूर्वतयारी आराखडा मागितला गेला. मागणी रास्त होती. महाराष्ट्रात फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर या काळात सगळ्यात जास्त असतो, हिवाळ्याच्या शेवटी एक छोटी लाट येते. २०१५ च्या सिंहस्थातली नाशिकची तिन्ही शाहीस्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला होती, म्हणजे ऐन फ्लूच्या हंगामात. त्याच वर्षी देशभर स्वाइन फ्लूने कहर केला होता. २०२७ ची मोठी स्नानंही पावसाळ्यातच आहेत. रामकुंडापासून आमची वस्ती फार लांब नाही. स्नानाला आलेल्या माणसांचा स्वयंपाक, झाडलोट, हमाली करणारे हात याच घरांतून जातात.

आराखड्याचा नमुना वरून आला होता : समितीची नावं, फोन नंबर, खाटांची संख्या, मास्कचा साठा. तासाभरात भरून झाला. तो भरताना मला जाणवत होतं, की वस्तीत ताप आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

अडचण नेमकी काय होती

आम्ही सुरुवात चुकीची केली. जास्त धोका असलेल्यांची यादी हवी होती : गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या वरची माणसं, मधुमेह, रक्तदाब, दमा, जुना टीबी असलेले. मी रजिस्टर घेतलं, कपाळाला लावायची तापमापक बंदूक घेतली, दोन कर्मचारी आणि आशाताई सोबत घेतल्या आणि घरोघर निघाले. पहिल्या गल्लीतच दारं बंद व्हायला लागली. ज्यांनी उघडली त्यांनी सगळ्यांची तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. आत कोणीतरी खोकत होतं, ते मला ऐकू येत होतं.

ती बंदूक पाहून लोकांना कोविड आठवला होता. दारावर लागलेले फलक, गल्लीच्या तोंडाला बांधलेले बांबू, गाडीत बसवून नेलेली माणसं. एका घरातल्या बाबांना नेलं, ते परत आलेच नाहीत आणि घरच्यांना तोंडही पाहता आलं नाही. त्यांची बायको, सत्तरीची आजी, मला ओट्यावर बसवून म्हणाली, "सिस्टर, तू चांगली हाये, पण आमच्या पोरांना आम्ही शिकवलंय, खोकला आला तरी बाहेर सांगायचा नाही."

यापुढे मला सर्वेक्षणाचं काहीच बोलता आलं नाही. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. जिथे ताप लपवायला शिकवलंय, तिथे ते ४८ तास आमच्या हाती येणारच नव्हते. मास्कचा साठा कितीही असला तरी.

दुसरी अडचण वेळेची. आमची ओपीडी सकाळची. बायका सहाला जाऊन संध्याकाळी सातला परततात. ओपीडीला यायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे रोज बुडाला. त्यामुळे ताप अंगावर काढायचा, तिसऱ्या दिवशी रात्री खासगी दवाखान्यात जाऊन दोन सुया आणि एक सलाईन घ्यायची, सकाळी पुन्हा पिकअपमध्ये, हा तिथला रिवाज. एका पिकअपमध्ये वीस-बावीस जणी खेटून उभ्या असतात. फ्लू पसरायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

समोर असलेले पर्याय

वैद्यकीय अधिकारी, दोन्ही आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मी असे बसलो. एक सूचना होती नगरसेवक किंवा पोलीस सोबत घेऊन सर्वेक्षण पुरं करण्याची. आकडे मिळाले असते, पण पुढच्या वेळी एकही दार उघडलं नसतं. ती तिथेच सोडली. दुसरी होती भोंग्याची रिक्षा आणि फलकांची. ती स्वस्त आणि दिसायला छान. आम्ही ती ठेवली, पण तिच्यावर भिस्त ठेवली नाही.

तिसरा पर्याय मला स्वतःला फार आवडला होता : समाजमंदिरात दहा खाटांचा विलगीकरण कक्ष. एकाच खोलीत सहा जण राहतात, तिथे आजारी माणूस वेगळा ठेवायचा कुठे, हा प्रश्न खरा होता आणि समाजमंदिर त्याचं उत्तर वाटत होतं. आठवडाभर मी त्याचा नकाशा काढत होते. मोठ्या आशाताईंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "म्याडम, तिथं खाट टाकली की लोक म्हणतील सेंटर आलं. मग तापाची एक केस तुम्हाला दिसायची नाही." त्या त्याच वस्तीत वीस वर्षं राहिलेल्या. मी नकाशा बाजूला ठेवला, जरा जड मनाने.

उरला चौथा मार्ग : प्रत्येक गल्लीत एक-दोन विश्वासाच्या बायका, त्यांच्या हाती तापमापक आणि ऑक्सिमीटर, आमची संध्याकाळची ओपीडी, आणि घरातच जमेल तेवढं वेगळं राहणं. यात सगळ्यात जास्त वेळ जाणार होता आणि वरच्या कागदात दाखवायला सगळ्यात कमी.

केलेली तयारी

बचत गटाच्या बैठकीत आम्ही फ्लूपासून सुरुवात केलीच नाही. साखर आणि रक्तदाब तपासायला मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ केंद्र उघडं राहील, एवढंच सांगितलं. वेळ बदलण्याची परवानगी यायला महिना गेला. तोवर वैद्यकीय अधिकारी स्वतःच्या जबाबदारीवर थांबत राहिल्या. लोक आले. मधुमेही कोण, रक्तदाबवाले कोण, हे दार न ठोठावता कळायला लागलं. गरोदर बायका माता-बाल संरक्षण कार्डामुळे माहीत होत्याच.

गल्लीतल्या बायकांकडून आम्ही नावं मागितली नाहीत. "तुमच्या गल्लीत आज ताप-खोकल्याची किती माणसं", एवढा आकडा द्यायचा. नाव तेव्हाच, जेव्हा त्या माणसाला औषध किंवा दवाखाना हवा असेल आणि तो हो म्हणेल. यावर केंद्रातच वाद झाला. नावाशिवाय माहिती अपुरी, असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. मला ते मान्यच आहे, पण नावासकट शून्य येण्यापेक्षा नावाविना खरा आकडा मला हवा होता.

घरात वेगळं राहण्याबद्दल मी वर्षानुवर्षं पत्रकातलं वाक्य सांगत आले होते : रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवा. या वेळी बायकांनीच विचारलं, कुठल्या खोलीत? मग आम्ही एका घरात जाऊन प्रत्यक्ष करून पाहिलं. आजारी माणसाचं अंथरूण दाराजवळ किंवा खिडकीखाली. झोपताना त्याचं डोकं एका बाजूला, बाकीच्यांची दुसऱ्या बाजूला. पावसाची झड नसेल तेव्हा दार सताड उघडं. पेला आणि टॉवेल वेगळा. शुश्रूषा एकाच माणसाने करायची, आणि ती गरोदर सुनेकडे द्यायची नाही. घरात सगळे असतील तेव्हा मास्क आजारी माणसाने लावायचा. दिवसा तो ओट्यावर बसला तर उत्तमच. ते घर नीट मोजलं, तर वेगळेपणाची तीन-चार फूट जागा निघते, आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

धोक्याच्या खुणांवर सगळ्यात जास्त दिवस गेले. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रुग्णांचे गट असतात. 'अ' म्हणजे साधा ताप-खोकला : घरी आराम, पॅरासिटामॉल, पाणी, तपासणीची गरज नाही. 'ब' मध्ये जोराचा ताप, घसा फार दुखणं, किंवा साधी लक्षणं पण माणूस जास्त धोक्याच्या यादीतला : त्याला ऑसेल्टामिविर, मोठ्यांना ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. 'क' म्हणजे दम, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं : ताबडतोब दवाखान्यात. हे अक्षरांचे गट कोणाच्या लक्षात राहिले नसते. बायकांनी स्वतःचे शब्द दिले : बोलताना वाक्य तुटतं, ओटा चढला की धाप लागते, पोराच्या बरगड्या आत ओढल्या जातात, हाक मारली तरी डोळे मिटतात. आम्ही तेच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून वाटले.

आणि मग खाड्याचा प्रश्न. एक बाई उभी राहून म्हणाली, "पाच दिवस घरी बसा म्हणता, माझा रोज कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही म्हणून मी तसंच सांगितलं. दोन बैठकांनंतर बचत गटाने ठरवलं, की आजारामुळे घरी बसलेल्या सभासदाला हजार रुपये बिनव्याजी उचल द्यायची. मुकादमाशी बोलायला मोठ्या आशाताई आणि मी पहाटे नाक्यावर गेलो. तो आधी हसला. आशाताईंनी त्याला हिशेब सांगितला : आज एक खोकणारी बाई गाडीत घेतलीस, तर चार दिवसांनी अर्धी टोळी घरी बसेल आणि बागवाला दुसरा मुकादम पाहील. तो मान्य झाला. आजारी बाईची टोळीतली जागा पाच दिवस दुसरीला द्यायची नाही, गाडीच्या मागची ताडपत्री पाऊस नसेल तेव्हा वर बांधायची.

जूनमध्ये रंगीत तालीम केली. तिसऱ्या गल्लीत पाच जणांना ताप आलाय असं धरलं आणि निरोप कुठवर पोचतो ते पाहिलं. तो दुसऱ्याच बाईपाशी अडला. फोन नवऱ्याकडे होता आणि तो कामावर. पुढे दोघींच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता. आमच्या आराखड्यातली फोनसाखळी अशी पहिल्या तासातच तुटली. मग निरोपाची जागा किराणा दुकान ठरली, कारण दिवसातून एकदा प्रत्येक घरातलं कोणीतरी तिथे जातंच.

लशीच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. फ्लूची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात देता येते, आणि टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. थोडे डोस मिळाले होते. पण "पोटातल्या बाळाला काही झालं तर" या भीतीला आम्ही पुरेसा वेळ दिला नाही. निम्म्याहून कमी गरोदर बायकांनी ती घेतली.

ऑगस्ट

आवणीहून माणसं परतली आणि दहा-बारा दिवसांनी किराणा दुकानदाराने आशाताईंना सहज म्हणून सांगितलं, की तापाच्या गोळ्यांची पाकिटं दोन दिवसांत संपली. त्याच संध्याकाळी मुकादमाचा फोन : आज चार बाया आल्या नाहीत. गल्लीतले आकडे गोळा केले तर अकरा निघाले. तोवर केंद्राच्या ओपीडीत तापाचा एकही रुग्ण नव्हता.

इथे पहिला निर्णय होता. ऑगस्टचा ताप म्हणजे नाशिकमध्ये आधी डेंग्यू आठवतो. अहवालाची वाट पाहायची की फ्लू धरून चालायचं? अकरापैकी नऊ जणांना खोकला आणि घसादुखी होती, आणि घरातल्या घरात तो दोन-तीन दिवसांनी पसरत होता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या : डेंग्यूसाठी रक्त घेतलं, दोघांच्या घशातले नमुने पाठवले, आणि जास्त धोक्याच्या यादीतल्यांना त्याच रात्री ऑसेल्टामिविर सुरू केलं. ॲस्पिरिन किंवा तसल्या गोळ्या कोणालाच नाहीत, फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू निघाला असता तरी हे बरोबरच ठरलं असतं. औषधाचे दहा कोर्स आम्ही जूनमध्येच केंद्रात आणून ठेवले होते. ते मध्यवर्ती भांडारात असते, तर आणखी दोन दिवस गेले असते.

अंगणवाडी बंद करायची का, हा दुसरा निर्णय. ती बंद केली असती तर मुलं मोठ्या भावंडांबरोबर वस्तीभर फिरली असती आणि दुपारचं जेवण बुडालं असतं. आम्ही ती चालू ठेवली. सेविका दारातच प्रत्येक मुलाला पाहायची. खोकणारं मूल घरी, त्याचा डबा घरपोच.

पाचव्या दिवशी रात्री आठला गल्लीतली एक बाई धावत आली. सात महिन्यांची गरोदर, वय बावीस, तीन दिवसांचा ताप. नवऱ्याने दोनदा सलाईन लावून आणली होती. "सिस्टर, तिचं वाक्य तुटतंय," एवढंच ती म्हणाली. ऑक्सिमीटरवर ९१. गरोदर बाईसाठी हा आकडा घरी ठेवण्याचा नव्हेच. १०८ ला फोन केला, गाडी येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर टेकून बसवलं, ऑसेल्टामिविरची पहिली मात्रा दिली. सासू तयार नव्हती. नेलं की परत आणत नाहीत, हेच तिच्या डोक्यात. मी म्हटलं, मी सोबत येते, तुम्हीही चला, गाडीतून उतरेपर्यंत तिचा हात तुमच्या हातात राहील. तेव्हा ती तयार झाली.

ही बाई आमच्या कुठल्याच यादीत नव्हती. आवणीनंतर नवऱ्याबरोबर गावाहून पहिल्यांदाच इकडे आलेली. यादी मे-जूनमधली, आणि परतीच्या वेळी ती नव्याने करायला हवी हे मला सुचलं नाही. वस्तीचं येणं-जाणं मला पाठ होतं, तरीही. ही चूक माझी आहे.

ती नऊ दिवस दवाखान्यात राहिली, त्यातले चार अतिदक्षता विभागात. घशाचा नमुना एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लूचा निघाला.

अहवाल आल्यावर धुराचं यंत्र पाठवण्याचा निरोप आला. धूर डासांसाठी असतो, फ्लू खोकल्याच्या थेंबांतून आणि बंद हवेतून पसरतो, आणि धुरापायी लोक दारं-खिडक्या लावून घेतात. आम्ही ते थांबवलं. वस्तीच्या नावानिशी एक मेसेज मात्र फोनवरून फिरलाच, आणि एका बागेतून पूर्ण टोळी परत पाठवली गेली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बागवाल्याला फोन करून समजावलं, की लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवस घरी राहून बऱ्या झालेल्या बाईपासून भीती नाही. दुसऱ्या दिवशी गाडी आत घेतली.

निष्पत्ती

तीन आठवड्यांत गल्लीतल्या बायकांनी ताप-खोकल्याचे ६३ जण मोजले. दोघांना दाखल करावं लागलं, मृत्यू झाला नाही. दाखल झालेला दुसरा माणूस बाजार समितीतला हमाल होता, अडतिशीतला, धडधाकट. तो सहाव्या दिवशी आला, तोवर न्यूमोनिया झाला होता. गरोदर बाईला ऑक्टोबरमध्ये पूर्ण दिवसांची मुलगी झाली.

हे आमच्या तयारीमुळेच झालं, असा दावा मी करणार नाही. एच१एन१ आता नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ ला महासाथ जाहीर केली, ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, आणि त्यानंतर हा विषाणू दरवर्षी येत राहिला. बऱ्याच जणांच्या शरीराला त्याची ओळख आहे. उद्या खरोखर नवा विषाणू आला, तर ती ओळख नसेल आणि त्याची लस तयार व्हायलाच निदान पाच-सहा महिने लागतील. पहिली लाट वस्तीला उघडं दार, मास्क, वेगळा पेला आणि बुडणारा रोज यांच्याच जोरावर काढावी लागेल. म्हणून मला ही साध्या हंगामी फ्लूतली तालीम महत्त्वाची वाटते. जे ऑगस्टमध्ये अकरा माणसांसाठी जमलं नाही, ते सिंहस्थात जमणार नाही.

आता वेगळं काय करू

यादी वर्षातून दोनदा, आणि दुसऱ्यांदा नेमकी आवणीची माणसं परतताना. हे पुढच्याच वर्षीपासून सुरू केलं.

मी रुग्णवाहिकेतून गेले ती शुक्रवारची रात्र होती. केंद्रात तीस माणसं थांबली होती, वैद्यकीय अधिकारी एकट्या होत्या. मी जायला नको होतं का? सासूला दिलेला शब्द पाहता मला जावंच लागलं असतं असं वाटतं, पण माझ्या जागी कोण उभं राहील हे आधी ठरलेलं असायला हवं होतं. आता समुदायातल्या दोन बायकांना नोंदणी आणि ताप मोजण्याचं काम शिकवलं आहे.

लशीचं बोलणं एप्रिलमध्येच सुरू करायचं, आणि ते मी करायचं नाही. ज्या गरोदर बायकांनी लस घेतली आणि ज्यांची बाळं आता मांडीवर आहेत, त्यांनी करायचं.

बचत गटाची उचल दुसऱ्या आठवड्यातच संपली. तेरा घरांना मिळाली, पुढच्यांना नाही, आणि त्या घरांतल्या बायका तापातच कामावर गेल्या. गटाने आता पावसाळ्यापुरता वेगळा डबा ठेवलाय. तो पुरणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. यासाठी बाहेरून पैसा उभा करावा लागेल, आणि तो कुठल्या योजनेतून बसवायचा याचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आणि हमाल. आमचं सगळं जाळं बायकांचं होतं, पुरुषांचा ताप त्यात दिसलाच नाही. त्यांची दुखणी बायकोलाही उशिरा कळतात. बाजार समितीतला लिलाव सुरू होण्याआधी चहाच्या टपरीवर टोळ्या जमतात, म्हणून आम्ही पहाटे तिथे जायला लागलो आहोत. पहिल्या दिवशी सात जण थांबले. ज्याला दाखल केलं होतं, तो त्यांच्यात होता, आणि सहा दिवस का थांबला हे त्याने स्वतःहून बाकीच्यांना सांगितलं : त्याच्या टोळीत गैरहजर माणसाचा वाटा त्या दिवसापासून कापला जातो. टोळीच्या म्होरक्याशी त्याबद्दलची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.